सोलापुरात काम आहे, कामात पैसा नाही

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळी दहाच्या सुमाराला एखाद्या गल्लीत शिरलात तर आधी कान भरतात, मग नाक. कानात पॉवरलूमची खडखड, नाकात तंबाखू. एका घराच्या पुढच्या खोलीत चार माग चालू असतात. शेजारच्या उंबऱ्यात एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते. तोंडाने शेजारणीशी तेलुगूत गप्पा, नजर सुपात, आणि बोटं अशी चालतात की तेंदूच्या पानात तंबाखू कधी पडली आणि दोरा कधी बसला हे बघणाऱ्याला कळत नाही. या गल्लीत रिकामं बसलेलं माणूस शोधावं लागतं.

तरीही याच गल्लीतली पोरं डिप्लोमा हातात पडला की सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला जातात. १९३० साली मार्शल लॉ लागलेलं हे गिरणी कामगारांचं गाव. पुढच्या वर्षी १२ जानेवारीला चार सोलापूरकर फाशी गेले, आणि त्या हुतात्म्यांची आठवण असलेल्या नावाची गाडी आता रोज गावातली तरुण पोरं बाहेर पोचवते. मी पण त्याच गाडीने गेलो होतो, म्हणून या विषयावर मी तटस्थ आहे असं कुणी समजू नये.

‘अडचणीत आलेल्या औद्योगिक भागात रोजगारनिर्मिती करणं आणि अर्थव्यवस्थेत विविधता आणणं’ हे वाक्य निवडणुकीच्या जाहीरनाम्यात असतं, नियोजनाच्या अहवालात असतं, बजेटच्या भाषणातही असतं. त्याचा अर्थ नक्की काय, आणि ते इतकं अवघड का, हे सोलापूरकडे बघून चांगलं कळतं. कारण इथे रोजगार नाही असं नाहीच, आणि विविधता नाही असंही नाही.

आधी थोडं मागे जाऊ. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोचली. आजूबाजूला कापूस होता, निजामाच्या मुलखातून आलेले पद्मशाली विणकर होते, आणि दुष्काळाने गावाबाहेर काढलेले मजूर होते. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग सुरू झाली, जिला आजही लोक ‘जुनी मिल’ म्हणतात. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल. भोंग्यावर गाव उठायचं, भोंग्यावर जेवायचं. ‘मुलगा मिलमध्ये लागला’ एवढं सांगितलं की सोयरीक जमायची. कायम नोकरी, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना, बऱ्याच जणांना चाळीत खोली. मालक काही देवमाणसं नव्हती, यातलं बरंचसं संप करून मिळवलेलं होतं. पण हजारो माणसं एका फाटकातून आत जात होती, म्हणून संप करता येत होता आणि पगार ठरवून घेता येत होता.

जुनी मिल १९६० च्या दशकातच बंद पडली. लक्ष्मी-विष्णू १९९० च्या दशकात गेल्या, नरसिंग गिरजी त्यानंतर. कारणं मुंबईच्या गिरण्यांसारखीच: जुनी यंत्रं, थकलेली देणी, कृत्रिम धाग्याची स्पर्धा, आणि पॉवरलूमवर निघणारं स्वस्त कापड.

आता मुद्द्याची गोष्ट. मिल गेल्यावर सोलापूर हातावर हात ठेवून बसलं नाही. जे काम मिलच्या एका छपराखाली व्हायचं ते तुकडे होऊन गल्लीबोळात पसरलं. सूत एकाकडे, डाईंग दुसरीकडे, बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) भरणारा तिसरा, माग चौथ्याच्या घरात. घरातल्या कर्त्याचं उत्पन्न घटलं, ते भरून काढायला बायकांनी विड्या वळल्या. आज सोलापुरात ५०,००० हून जास्त बायका विड्या वळतात असं धरलं तर ते कमीच होईल. म्हणजे कागदावर बघितलं तर एका धंद्याचे दहा धंदे झाले, मालक वाढले, घरातले कमावणारे हातही वाढले. विविधता आलीच की! फक्त ती वरच्या दिशेने न येता खालच्या दिशेने आली. एका माणसाच्या पगारात जे घर चालायचं ते आता तिघांच्या मजुरीत ओढून-ताणून चालतं.

म्हणून ‘किती रोजगार निर्माण झाले’ हा आकडा मला नेहमी संशयास्पद वाटतो. दिवसाला हजार विड्या वळणारी बाई सरकारी मोजणीत रोजगारात धरली जाते. कारखान्यात (विडीच्या धंद्यात कारखाना म्हणजे पान-तंबाखू देऊन वळलेली विडी मोजून घेण्याची जागा) ती विड्या द्यायला जाते तेव्हा ‘छाट’ निघते. आखूड, सैल, फाटक्या म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. पान कमी पडलं तर ते तिनेच विकत आणायचं. हा रोजगार आहे, पण यात पैसा नाही.

आता गावात पैसा येतो कसा, ते बघू. कुठल्याही गावातल्या कामाचे ढोबळ दोन प्रकार करता येतात. एक, बाहेरचा पैसा आत आणणारं काम. सोलापूरचा टॉवेल परदेशात गेला, चादर हैदराबादला विकली गेली, की तिथला पैसा इथे येतो. दुसरं, आतला पैसा आतच फिरवणारं काम. विणकर केस कापायला गेला, न्हाव्याने भाजी घेतली, भाजीवाल्या मावशींनी नातवाच्या ट्यूशनची फी भरली. या दुसऱ्या प्रकारची कामं संख्येने खूप जास्त असतात, पण ती पहिल्याच्या जिवावर उभी असतात. समजा बाहेरून १०० रुपये आले. त्यातले ६० गावातच खर्च झाले, तर ते दुसऱ्या कुणाची कमाई झाले. त्यातलेही ३६ पुन्हा गावातच खर्च झाले. अशा फेऱ्या होत होत १०० रुपयांचे अडीचशे रुपयांचे व्यवहार होतात. मिल बंद झाली तेव्हा नुसता कामगार बुडाला नाही. पगाराच्या दिवशी उधारी वसूल करणारा किराणावाला, मिलच्या दारातला चहावाला, सायकलवाला हे सगळे एकेक फेरी मागून बुडाले.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे गावात नुसते मॉल आणि मोबाईलची दुकानं उघडून गाव सावरत नाही. तिथे आतलाच पैसा फिरतो, आणि त्यातला बराचसा कंपनीच्या मुख्यालयाकडे बाहेर जातो. दुसरी जरा गमतीची आहे: बाहेरचा पैसा आणायला कारखान्याची चिमणीच लागते असं नाही. सोलापूरच्या हॉस्पिटलात धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडून पेशंट येतात. त्यांचा पैसा बाहेरचाच. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालेला भक्त सोलापुरात राहिला, जेवला, जाताना शेंगाचटणी आणि कडक भाकरीची पाकिटं घेऊन गेला, तर अर्थशास्त्राच्या भाषेत ती निर्यातच. कडक भाकरी ही आमच्याकडे वर्षानुवर्षं बायकांनी घरी केलेली, बरेच दिवस टिकणारी गोष्ट. ती पाकिटात गेली आणि पुण्या-मुंबईत विकायला लागली, हे मला भल्याभल्या उद्योग परिषदांपेक्षा शिकण्यासारखं वाटतं.

पण गावातल्या पारावर कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: ‘एखादी मोठी कंपनी आली पाहिजे बघा.’ आयटी पार्क आला पाहिजे, नाहीतर गाड्यांचा कारखाना तरी. ही अपेक्षा समजण्यासारखी आहे, कारण मिलसुद्धा अशीच आली होती. तरी तिच्यात दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा: मोठी गुंतवणूक म्हणजे मोठा रोजगार असं नसतं. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे. गुंतवणूक हजारो कोटींची. पण वीज प्रकल्प बांधताना माणसं लागतात, चालवताना फार लागत नाहीत. तो देशाला वीज देतो, ते त्याचं काम आहे. त्याने पूर्व भागातल्या गल्लीला काम द्यावं ही अपेक्षाच चुकीच्या दारात केलेली आहे.

दुसरा खड्डा बघायला जर्मनीत जावं लागेल. तिथल्या रुहर खोऱ्यात १९५० च्या दशकात चार लाखांहून जास्त माणसं कोळशाच्या खाणीत होती. कोळशाचे दिवस भरत आले तेव्हा बोखुम शहरात १९६२ साली ओपेलचा मोटार कारखाना आला. खाणीची जागा मोटारीने घेतली, एके काळी तिथे सुमारे २०,००० माणसं कामाला होती. सगळे म्हणाले, सुटलो. २०१४ च्या अखेरीस तो कारखानाही बंद झाला. एका खुंटीवरून सोडलेली गाय दुसऱ्या खुंटीला बांधली होती, एवढंच. त्याच बोखुममध्ये १९६५ साली विद्यापीठ सुरू झालं, त्या अख्ख्या खाणपट्ट्यातलं पहिलं. ते उघडलं तेव्हा कुणी त्याला उद्योग म्हणत नव्हतं. आज ते शहरातल्या सगळ्यात मोठ्या रोजगारदात्यांपैकी एक आहे. रुहरची आणखी एक गोष्ट आपल्याला लागू पडते. खाण कंपन्या आपल्या मोकळ्या जमिनी विकत नव्हत्या, दुसरा मालक आला तर कामगार पळवेल या भीतीने. नवे उद्योग यायला तयार होते, पण जागा नव्हती. शेवटी १९८० च्या सुमाराला राज्य सरकारने खास निधी काढून त्या पडीक जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे बंद गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. तिथे टॉवर आले, मॉल आले. काम किती आलं, हे गिरणगावातल्या जुन्या घरात जाऊन विचारावं.

मग करायचं काय? अर्थतज्ज्ञ ज्याला संबंधित विविधता म्हणतात, त्याला मी ‘शेजारचं काम’ म्हणतो. गावाला जे येतं त्याला लागून असलेलं, पण एक पायरी वरचं काम. झाडावर चढताना आपण हाताजवळची फांदी धरतो, शेंड्याला उडी मारत नाही, तसंच.

सोलापुरात याचं चांगलं उदाहरण गणवेश आहे. चादर विणणाऱ्या गावाला कापड कळतं, सूत कळतं, रंग पक्का की कच्चा हे बोटांना कळतं. त्यातून शिलाईचे कारखाने वाढले, आणि त्यांनी हुशारीने फॅशनच्या मागे न लागता शाळेचा गणवेश धरला. गणवेशाची फॅशन बदलत नाही. शाळेचं पोर दरवर्षी वाढतं, म्हणजे दरवर्षी नवा जोड लागतो. मंदी आली म्हणून शाळा गणवेश बंद करत नाही (करोनात केला, तेव्हा या लोकांचे किती हाल झाले ते वेगळं). गेल्या काही वर्षांत सोलापूरच्या उत्पादकांनी गणवेशाची मोठी प्रदर्शनं भरवली, बाहेरचे खरेदीदार आणले. यात कच्ची बाजूही आहे. गणवेशाचं बरंचसं पॉलिएस्टर-व्हिस्कोस कापड राजस्थानातल्या भिलवाड्यासारख्या ठिकाणाहून येतं, म्हणजे विणकरांच्या गावात कापड बाहेरून येऊन शिवलं जातं! पुढची पायरी तिथेच पडलेली आहे.

चादरीचं मात्र उलटं झालं. मयूरपंखी चादर हे सोलापूरचं नाक. तिला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं त्यालाही आता सुमारे वीस वर्षं झाली. पण पानिपतला विणलेली हलकी चादर ‘सोलापुरी’ म्हणून निम्म्या भावात विकली जाते, अगदी पंढरपूरच्या वारीतसुद्धा. मानांकन म्हणजे ते नाव फक्त इथल्याच मालाला लावायचा कागदावरचा हक्क. तो बजावायला दुकानादुकानात जाऊन तपासणारी, खटला लढणारी यंत्रणा लागते, आणि आठ मागांचा मालक ती कुठून उभी करणार? दहा जणांनी मिळून करायचं म्हटलं तर दहाही जण एकमेकांचे प्रतिस्पर्धी. पुन्हा, मोठं व्हायचं म्हटलं तर कामगारांची संख्या ठरावीक आकड्यापुढे गेली की कारखान्याचे कायदे, पीएफ, सगळं लागू होतं. मग चार माग स्वतःच्या नावावर, चार मुलाच्या, चार भावाच्या, असं अनेक ठिकाणी चालतं. छोटं राहणंच परवडतं, आणि छोटं राहिलं की नवं यंत्र परवडत नाही. ही गाठ नुसत्या कर्जाने सुटत नाही.

यंत्रांच्या बाजूला सोलापूरने वेगळीच मजल मारली आहे. १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी गाड्यांच्या इंजिनातला कॅमशाफ्ट बनवते आणि जगातल्या मोठ्या मोटार कंपन्यांना देते. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा-मिटणारा दांडा. चादरीच्या गावातून असा माल परदेशी जातो हे बऱ्याच सोलापूरकरांनाही ठाऊक नसतं. पण विजेवरच्या गाडीत झडपाही नसतात आणि कॅमशाफ्टही नसतो. म्हणून २०१८ साली या कंपनीने नेदरलँड्समधल्या विजेवरचे ट्रक बनवणाऱ्या एका कंपनीत हिस्सा घेतला. तो डाव कसा पडला हा भाग निराळा. मला त्यातून एवढंच दाखवायचंय की विविधता एकदा आणून कपाटात ठेवता येत नाही. कॅमशाफ्टसुद्धा एक दिवस चादर होऊ शकतो.

शेतीकडे धावतं बघू. जिल्ह्यात पाऊस जेमतेम आणि साखर कारखाने तिसाच्या वर, हे कोडं उजनी धरणाने शक्य केलं आहे. डाळिंबाला पाणी उसापेक्षा फार कमी लागतं, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच केगावला आहे. पण उसाला ठरलेला भाव असतो आणि डाळिंबाला तेल्या रोग असतो, म्हणून शेतकरी ऊस सोडत नाही. यात त्याचं फारसं चुकतं असं मला वाटत नाही.

एकाचा फायदा दुसऱ्याच्या मुळावर कसा येतो, ते सोलापूरने चिमणीच्या भांडणात बघितलं. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची वीजनिर्मितीची उंच चिमणी होटगी रोडच्या विमानतळाच्या वाटेत होती. एक बाजू म्हणायची, विमान नाही म्हणून उद्योग येत नाहीत, चिमणी पाडा. दुसरी म्हणायची, हजारो शेतकऱ्यांचा ऊस आणि कामगारांची चूल या चिमणीवर आहे, विमानात बसणारे किती? वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या, मोर्चे, उपोषणं झाली. १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली. ९ जून २०२५ रोजी गोव्याचं पहिलं विमान उडालं. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं होतं, म्हणूनच ते भांडण इतकं चाललं. मला स्वतःला विमान हवंच होतं. पण चिमणी कोसळतानाचा व्हिडिओ बघून टाळ्या वाजवणं मला जमलं नाही.

आता पुन्हा त्या उंबऱ्यातल्या बाईकडे. सगळ्यात अवघड गणित तिचं आहे. विडी आज ना उद्या संपणार, संपायलाच हवी. तंबाखूच्या धुळीत बसून खोकला घेतलेल्या बायका मी लहानपणापासून बघतोय. तिला शिलाईचं काम द्या, पगार दुप्पट होईल, हा सरळ हिशोब. मग ती जात का नाही? कारण विडी घरात बसून वळता येते. पोर आजारी असलं तर मांडीवर घेऊन वळता येते, पाहुणे आले तर सूप बाजूला सारता येतं. शिलाईचं काम एमआयडीसीत, नऊ ते सहा.

घरांच्या बाबतीत या बायकांनी मोठी लढाई जिंकलेली आहे. माकपचे माजी आमदार कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीला विडी कामगार बायकांची १०,००० घरांची वसाहत झाली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या कार्यक्रमाला आले होते. त्यापुढे रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची योजना झाली. त्यातली १५,००० जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. पुढाऱ्यांचे पक्ष वेगवेगळे, घरं मात्र उभी राहिली. पण हजारो कुटुंबं एकदम गावाबाहेर गेली की प्रश्न येतो: तिथून कामाला जायचं कुठे, आणि कशाने? खरं तर इतके कसलेले हात एका जागी असणं ही शिलाई कारखान्यासाठी सोन्यासारखी गोष्ट आहे. कारखान्याने वसाहतीजवळ यायला हवं, वसाहतीने कारखान्याजवळ नाही.

माझ्या ओळखीचे एक जण एमआयडीसीत गणवेशाचा छोटा कारखाना चालवतात. चाळीस मशीन. मागच्या दिवाळीत गेलो होतो तेव्हा निम्म्या मशीनवर कापड तसंच, बाई कुणी नाही. मला वाटलं, सण आहे म्हणून. ते म्हणाले, “नाही ओ, आज पाणी आहे त्यांच्या भागात.” सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. उजनी भरलेलं असो की रिकामं, यात फारसा फरक पडलेला मी तरी बघितलेला नाही. पाणी येतं त्या दिवशी घरात माणूस लागतं, आणि ते माणूस बाईच असते. पाच दिवसांचं भरून ठेवायचं असतं. म्हणून त्यांनी आता बायकांना कामावर घेताना कुठल्या भागात राहता हे विचारून ठेवायला सुरुवात केली आहे. एकाच दिवशी पाणी येणाऱ्या सगळ्या बायका एका लाईनवर बसवायच्या नाहीत. एकजण कॉलरला, एकजण बाहीला, एकजण काजं-बटणाला. मशीनच्या मागे भिंतीवर एक कॅलेंडर लटकवलेलं होतं, आणि त्यावर तारखांच्या चौकटीत निळ्या पेनाने पेठांची नावं लिहिलेली होती.